डावं-उजवं

गवंड्यानं हातोडा उचलला तसा कानसेन म्हणाला, "थांब. गाणं संपू दे."

गवंडी थांबला. दिवाणखान्याच्या मधोमध एकच खुर्ची होती. सोफा, कपाट, पडदे, बायकोचं माहेरचं टेबल, सगळं आवाज खातं म्हणून केव्हाच बाहेर गेलं होतं. खुर्चीचे पाय जमिनीवर खडूनं आखलेल्या गोलांत नेमके उभे. समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, दगडी फरशांवर बसवलेले. वायरी मनगटाएवढ्या जाड. घरातलं मांजर त्यांना साप समजून जे गेलं ते आजतागायत परतलं नव्हतं.

"डावीकडचा ऐक," कानसेन म्हणाला. "व्हायोलिन त्यात आहे, ढोल उजवीकडे. कसं वाटतं व्हायोलिन?"

"झकास."

"अशक्त आहे. तुला नाही कळायचं, त्याला कान लागतो."

गवंड्याला तर डावीकडूनच जास्त दणका बसत होता. पण दिवसाची मजुरी ठरली होती. "आवाजात कसलं डावं-उजवं, साहेब," एवढंच तो पुटपुटला.

"डबे अदलाबदल करून पाहिले, तरी डावीकडचाच अशक्त. वायरी बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला. शेवटी डावीकडे दुप्पट मोठा डबा आणला." तो डबा असा होता, की खालच्या मजल्यावरच्या आजोबांचे पेल्यात काढून ठेवलेले दात गाण्याला साथ करू लागले. "तरी तेच. म्हणजे दोष डब्यात नाही, वायरीत नाही. मग उरलं काय?"

"काय?"

"भिंत. ती आवाज पिते."

डाव्या भिंतीपलीकडे बायकोची शिवणकामाची खोली होती. भिंत गेली की खोलीही गेली. एरवी तिथून मशीनची खडखड यायची. आज मशीन गप्प होतं आणि बायको दिवाणखान्यात उभी होती, गळ्यात मोजपट्टी, हातात बाही न लावलेला झगा.

"पाडताय तर," ती म्हणाली.

"पाडतोय. तू काही बोलली नाहीस, तेव्हा हरकत नाही असंच मी धरलं."

"बोलले होते."

"कधी? मला कसं ऐकू आलं नाही?"

प्रश्न रास्त होता. तीन घरं पलीकडे दूध उतू जाण्याआधीच कानसेनला ते ऐकू येतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं.

गवंड्यानं पुन्हा हातोडा उचलला.

"एक मिनिट. मागच्या भिंतीवरून आवाज कसा परततो, तेवढं बघू दे. मग तू आणि भिंत."

कानसेननं रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. खुर्ची उचलून उलटी फिरवली, खडूच्या गोलांत बेतानं बसवली, आणि स्पीकरांकडे पाठ करून, डोळे मिटून बसला.

व्हायोलिन खवळून त्याच्या अंगावर आलं. एकेक तार, एकेक ओरखडा. ढोल मात्र अनोळखी पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेर घुटमळत राहिला.

कानसेननं डोळे उघडले. मान वळवून पाहिलं. दोन्ही डबे जागच्या जागी. तो उठला, खुर्ची सरळ केली, बसला. व्हायोलिन मेलं. उलटी केली. व्हायोलिन जिवंत.

गवंडी हातोडा खांद्यावर घेऊन बघत होता.

कानसेननं हळूच उजवा हात वर नेला आणि उजव्या कानात बोट घातलं.

गाणंच थांबलं. तबकडी फिरत होती, सुई तिच्यावर चालत होती, गवंड्याचे ओठ हलत होते. कानसेनचा चेहरा नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा झाला. त्यानं बोट काढलं.

"...मग काय, उजवी पाडू का?" गवंडी विचारत होता.

कानसेननं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बायकोकडे बघत होता. खुर्ची फिरली तशी तीही फिरून त्याच्या उजव्या हाताला येऊन उभी होती. रस्त्यानं चालताना ती उजवीकडे, जेवताना उजवीकडे. गेल्या काही वर्षांतल्या प्रत्येक फोटोतही उजवीकडेच.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"तुमचा डावा डबा पहिल्यांदा आजारी पडला तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कानसेनला?"

रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या चरीत खरखरत राहिली, ती उचलायला कोणी गेलं नाही.

"भिंतीचं बोलले म्हणतेस, ते कुठे बोललीस?"

"डावीकडे."

गवंड्यानं हातोडा खाली ठेवला.

"म्हणजे तू सगळं डावीकडेच..."

"सगळं नाही हो. चहा, औषधं, विजेचं बिल, पाहुणे येणार असले तर ते, हे उजवीकडेच सांगते. बाकीचं डावीकडे." तिनं झग्यावरचा एक दोरा वेचून तोडला. "उजवीकडून बोललं की तुम्ही उत्तर देता."

कानसेननं खुर्चीचा हात घट्ट धरला. मग म्हणाला, "बाकीचं म्हणजे काय? काय बोलत आलीस इतकी वर्षं?"

बायको खुर्चीला वळसा घालून डावीकडे आली. झगा तिनं त्याच्या मांडीवर ठेवला, वाकली आणि सावकाश, अगदी पहिल्यापासून, सांगू लागली.

नवी रेकॉर्ड ऐकताना मिटायचा तसे कानसेननं डोळे मिटले. कानाच्या पाळीला फक्त ऊब लागत होती.

गवंड्याला मात्र सगळं ऐकू येत होतं. त्यानं हातोडा पिशवीत घातला, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता तो बाहेर पडला.