अठरा नळ्या

अंगणात सुपावर काचेच्या अठरा नळ्या वाळत घातल्या होत्या. करिष्मा सिरसाळ्यापर्यंत जाऊन प्रियदर्शनी मॅडमची गाडी वाट दाखवत घेऊन आली, आणि अंगणात पाऊल टाकताच जागच्या जागी थांबली.

तासाभरापूर्वी ह्याच नळ्या घरातल्या लहानशा फ्रिजमध्ये होत्या. प्रत्येकीत हिरवी बुरशी आणि तोंडाला कापसाचा बोळा. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला ही बुरशी मारते. तीन वर्षांपूर्वी एका फडात मरून हिरवी पडलेली एकच हुमणी करिष्माला सापडली होती. तिच्या अंगावरची बुरशी तिनं लेकराला जपावं तशी वाढवली होती.

केशरबाई पदराला हात पुसत बाहेर आली. ती करिष्माची आई; सहा महिने ऊस तोडून टोळीबरोबर कालच परतली होती.

"या मॅडम, बसा. च्या टाकते," ती म्हणाली, आणि लेकीजवळ येऊन हळूच बोलली, "बरं झालं मी फ्रिज उघडला. तुझ्या औशधाला सगळी बुरशी धरलती. पाव्हण्यांनी बघितलं असतं तर काय म्हणल्या असत्या?"

"माय, काहून धुतल्या गं?"

"मंग काय तशाच दावायच्या? सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, राखेनं घासल्या. एक बी फुटली न्हाई."

"आतलं कुठं टाकलं?"

"न्हाणीत. वरून आणिक घागरभर उकळतं वतलं, वास नको ऱ्हायला."

करिष्मा न्हाणीकडं गेली. दगडावरून अजून वाफ निघत होती. ती खाली वाकून फटीफटीत बघत राहिली, पण केशरबाईनं काम अर्धवट ठेवलं असतं तर ती केशरबाई कसली.

आता दोष तरी कुणाला द्यायचा? बुरशी हा शब्द करिष्मानं घरात कधी उच्चारलाच नव्हता. औषध करते, एवढंच सांगितलं होतं, आणि केशरबाईनं ते फडातल्या बायांना मोळी बांधता बांधता दहादा ऐकवलं होतं. मॅडम ज्या बीडच्या नवउद्योजक केंद्रातून आल्या होत्या, त्या केंद्रानं वर्षभरात करिष्माला अकरा प्रशिक्षणं दिली होती. कंपनी कशी नोंदवायची, परीक्षकांपुढं पाच मिनिटांत कसं बोलायचं, डबीवर चित्र कसलं छापायचं. प्रयोगशाळा मिळणार होती ती आजचा नमुना पास झाल्यावर. तोवर बुरशी ठेवायची कुठं, हे प्रशिक्षण काही कुणाला सुचलं नव्हतं. कॉलेज संपलं तसा तिथला फ्रिजही बंद झाला होता. जे काही होतं ते ह्या अठरा नळ्यांत होतं.

मॅडमनी बर्फाची पेटी ओट्यावर ठेवून उघडली. "चल, नमुने दे. दुपारच्या आत पुण्याला पाठवायचेत. आज शेवटची तारीख." मग त्यांचं लक्ष सुपाकडं गेलं. "ह्या रिकाम्या कशा?"

केशरबाई शेजारीच उभी होती. नळ्या उन्हात लखलखत होत्या आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. तिच्या बोटांवर उसाच्या पाचटानं चिरलेल्या रेघा सोड्यानं पांढऱ्या पडल्या होत्या. करिष्माला ओरडून रडावंसं वाटलं.

"नमुने गेले, मॅडम."

"गेले म्हणजे?"

"माझ्या हातून खराब झाले. मला सांभाळता आले नाहीत."

मॅडमनी सुपातली एक नळी उचलून उजेडात धरली. ही मुलगी त्यांची लाडकी होती, तिच्यासाठी त्यांनी दोनदा वरच्यांशी वाद घातला होता. "एखादी तरी बाजूला ठेवायचीस गं. परत करता येईल?"

"तशी हुमणी परत सापडली तर."

मॅडमनी पेटी मिटली आणि फॉर्म काढला. सहीआधी वाचून दाखवायचा नियम होता, म्हणून त्यांनी तो वाचला. निवड रद्द. कारण, उमेदवाराचा निष्काळजीपणा. करिष्मानं सही केली.

त्यातला शेवटचा शब्द केशरबाईला कळला. ती चहाची कपबशी तशीच खाली ठेवून पुढं आली.

"मॅडम, तसं लिवू नका. माझी पोर तसली न्हाई," ती हात जोडून म्हणाली. "सहा सहा महिने घरात मोठं माणूस न्हाई, एकलं लेकरू कुठं कुठं ध्यान देईल? चूक आमची हाय. म्या आता औंदा फडावर जातच न्हाई, हितंच ऱ्हाते. तुमी फकस्त तिला आणिक एक डाव द्या. तिच्या औशधाला बुरशीचा ठिपका दिसू देणार न्हाई मी."