पाडव्याची ओवाळणी

"ओवाळणी चुकवायला लकव्याचं निमित्त चालणार नाही हं," म्हणत वत्सलाबाईंनी पाडव्याच्या सकाळी नवऱ्याच्या उजव्या हाताला करंटचा पट्टा बांधला. मार्चपासून ती मूठ मिटलेलीच होती. प्लगला लावलेल्या मशीनने करंट दिला, की तेवढ्यापुरती उघडायची.

स्वतःच्याच बटव्यातली नोट त्यांनी मुठीत खोचली, मशीनचं बटण दाबलं आणि तबक घेऊन ओवाळायला लागल्या. नवऱ्याच्या कपाळावर घाम फुटला. मूठ हळूहळू उघडली आणि नोट तबकात पडली.

"दिली बाई एकदाची!" त्या खुदकन हसल्या. तोच त्या हाताने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. चांगलंच घट्ट.

"अहो, बांगड्या पिचतील! आज करंट जास्तच झाला वाटतं."

एवढ्यात शेजारच्या अंजूने दारातून डोकावून विचारलं, "काकू, तुमचीही लाइट गेलीय ना? अख्ख्या गल्लीत अर्ध्या तासापासून नाहीये."

वत्सलाबाईंनी मशीनकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा विझलेला होता.

मनगट अजून सुटलं नव्हतं.