मासळीची लॉरी

“हा गंज आहे की बिटाचा रस?” आयगिल ओरडला. “दाराच्या खालच्या कडेला लाव. अजून खाली! आपल्या गाडीच्या खिडकीला कधी गंज चढला होता रे?”

प्रेबेनने मान वर केली नाही. स्पंजाचा तुकडा खाली सरकवून तपकिरी रंग लावला.

डेन्मार्कमधल्या एस्बियर बंदरावरच्या मॉडेल क्लबात दर शनिवारी सकाळी हेच चालायचं. तरुणपणी प्रेबेन बंदरातून मासळीची लॉरी चालवायचा आणि आयगिल तिच्यात पेट्या भरायचा. त्याच लॉरीची हातभर प्रतिकृती प्रेबेन बंदराच्या संग्रहालयासाठी करत होता. बांधणी गेल्या वर्षीच उरकली होती. आता गंजाचे, चिखलाचे रंग लावून ती खारं वारं खाऊन झिजलेली दिसायला हवी होती.

दोघं यायचे तेही भांडतच. चोर पकडून आणावा तसा आयगिल त्याचा दंड धरून आत शिरायचा आणि त्याला खुर्चीत ढकलायचा.

“ती बाटली नाही, मूर्खा! तिच्या डावीकडची. त्या रंगाने काय आजीचं कपाट रंगवतोस?”

“तोंड आवर,” म्हणत प्रेबेनने डावीकडची बाटली उचलली.

“चाकावर किती चिखल थापलास! पुरे. आता मागचं चाक. मागचं म्हणतोय, गाढवा!”

क्लब चालवणाऱ्या लिझबेतने कॉफीचा कप आदळला. आयगिलच्या तोंडाला कंटाळून लोक क्लब सोडून चालले होते.

“बस झालं, आयगिल. उठा. पुन्हा इथे पाऊल टाकू नका.”

आयगिल प्रेबेनकडे वळला. “सांग ना तिला.”

प्रेबेनने मान फिरवली.

“मग बस तसाच, हेकट म्हाताऱ्या!” आयगिलने कोट ओढला आणि दार आपटून गेला.

“सुटलो एकदाचे,” कुणीतरी पुटपुटलं. लिझबेतने दालचिनीच्या पावाची बशी प्रेबेनपुढे सरकवली.

“इतके दिवस कसं सहन केलंत हो? आता करा निवांत.”

प्रेबेनने ब्रश बुडवला. जरा थांबला. मग सावकाश हात पुढे नेला आणि लॉरीच्या स्वच्छ पुढच्या काचेवर चिखलाचा जाड फराटा ओढला.

“अहो, प्रेबेन! काच!”

त्याचा हात जागीच थांबला. ब्रश टेबलावर ठेवायला गेला, तर ब्रश कडेबाहेर जमिनीवर पडला.

“त्याला परत बोलव, लिझबेत,” तो हळूच म्हणाला. “हिवाळ्यापासून मला काही दिसत नाही. तो शिव्या घालतो, तेव्हा कुठे मला कळतं गाडी कुठे आहे ते.”