शिरगावची रिंग

कृष्णनाथचा चेंडू पुन्हा रिंगवरून पलीकडे गेला आणि नारायणने वहीतलं त्याचं नाव खोडलं.

"तुजो हात जड रे," नारायण म्हणाला.

"सर, कोरगांवच्या शाळेंत हांव असोच मारतालों. थंय पडटालो."

"थंयचें थंय," म्हणत नारायणने तिथली गोष्ट तिथेच संपवली.

कृष्णनाथ चपला घालून निघून गेला.

नारायण शिरगावच्या एका खाणीवर फोरमन होता आणि खाणीच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षकही. दहा वर्षांपूर्वी हे मैदान त्यानेच तयार केलं. रिंगची उंची टेप लावून स्वतः मोजली, खांबाच्या बुडाशी जमिनीलगत केलेल्या चौथऱ्याच्या ओल्या सिमेंटवर काठीने लिहूनही ठेवली. कुणाच्या भरवशावर राहणारा माणूसच नव्हे तो.

संघाचं रडगाणं जुनंच होतं. धिप्पाड सगुण रिंगखाली उभा राहणार, चेंडू त्याच्याकडे जाणार. पण बाहेरून नेम धरणारा कुणी नसेल तर समोरचे पाचही जण सगुणलाच घेरतात, मग तो बिचारा काय करणार? घरच्या मैदानावर ही अडचण कधी आली नाही. इथे पाहुण्यांचे चेंडू रिंगवरून जायचे, शिरगावचे अलगद पडायचे आणि सगुण उडी मारून रिंगला लोंबकळायचा. बाहेरगावी मात्र सगळेच हातपाय गाळायचे. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत.

"भितात," नारायण म्हणायचा आणि माणसं बदलायचा.

गोवा राज्य होऊन वर्ष व्हायचं होतं. मॅनेजरने यंदा स्पष्टच सांगितलं होतं, तालुक्यांचा चषक आला नाही तर संघ बंद, खेळाडू म्हणून घेतलेले सगळे ट्रक भरायला. नारायणची झोप उडाली.

गावच्या लईराई देवीची जत्रा आली. दरवर्षीप्रमाणे धोंडांना, म्हणजे देवीच्या व्रतकरी भक्तांना, टेकायला म्हणून खाणीच्या टिपर ट्रकांनी मैदानावर लाल माती ओतली, वर रोलर फिरला. जत्रा सरली, सराव पुन्हा सुरू झाला. कृष्णनाथच्या जागी आलेल्या विठ्ठलचे दहातले नऊ पडत होते. आता सगुणला मोकळीक मिळणार, असं नारायणला मनापासून वाटलं.

अंतिम सामना पेडण्यात झाला. विठ्ठलचा पहिला चेंडू पुढच्या कडेला लागला. दुसरा, तिसराही. मग विठ्ठलकडे कुणी बघेना, सगळे सगुणभोवती गोळा झाले. सगुणने उडी मारली, पण बोटं रिंगला पोचलीच नाहीत.

मध्यंतरात, बघायला आलेल्या कृष्णनाथच्या पायाशी चेंडू घरंगळत आला. त्याने तो तिथूनच फेकला. थेट रिंगमधून पडला. नारायणने मान फिरवली.

सामना वीस गुणांनी गेला.

"सर, हांव भियेलों ना," परतताना सगुण भ्यायल्याचं नाकारत म्हणाला. "खऱ्यांनीच."

नारायणला त्याचा रागच आला होता.

आठवड्याभरात सगुण आणि विठ्ठल ट्रकवर गेले. खांब भंगारात काढायचं ठरलं. खणायला माणसं आली तेव्हा नारायण मुद्दाम येऊन उभा राहिला. शेवटी खांब त्याच्याच हातचा.

वीतभर माती निघाली आणि कुदळ सिमेंटवर वाजली. नारायणने खाली बसून तळहाताने चौथरा पुसला. काठीने कोरलेली त्याचीच अक्षरं होती: 'इथून रिंग दहा फूट.'