फोटोतली फांदी

बादातू आज्जीने फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. तिच्या पुढ्यात कॉफीचा तिसरा कप निवत होता. बोंतू तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. बोंतूची मांडी धरून बहिणीची पोर ओब्से उभी होती. उभी राहायची, पाऊल मात्र टाकायची नाही.

“बहीण छान आलीय तुझी,” आज्जी म्हणाली.

“बाळ बघ ना. नाळसुद्धा पडली नाहीये अजून, म्हणजे चार-सहा दिवसांचीच. पण मागे तारीख नाही. फोटोवाला कधी येऊन गेला, कुणालाच आठवत नाही.”

फोटो सकाळीच मेहुण्याने पाठवला होता. बहीण गेल्यावर त्याने ओब्सेला बोंतूच्या ओटीत घातलं, तेव्हा “कॉफीच्या तोडणीत झाली” एवढंच सांगितलं होतं. बाळंतपणाच्या वेळी तो स्वतः लांब कुठेतरी ट्रकवर होता. त्या हिशोबाने पोर अठरा महिन्यांची. अठराव्या महिन्यातही चालत नाही म्हटल्यावर नर्सने मान हलवली होती. शहरात नेऊन दाखवा, म्हणाली होती. तेव्हापासून बोंतू येता-जाता पोरीचे पाय चाचपायची.

“हे काय गं?” आज्जीने बहिणीच्या कानाजवळ नख टेकवलं.

“डाग आहेत. पाणी लागलंय फोटोला.”

“पाणी असं ओळीत लागतं होय? पानाच्या बेचक्यात एक, पुढच्या बेचक्यात एक? जिम्मा शहरातल्या कॉलेजात नुसती कॉफी पीत बसलात वाटतं, झाड नाही बघितलं कधी!”

बोंतूने फोटो जवळजवळ हिसकावलाच. अंधुक फांदी होती, आणि फांदीवर कॉफीच्या पांढऱ्या फुलांचे झुपके. सकाळपासून ती बहिणीचा चेहरा बघत होती. फांदीकडे एकदाही नजर गेली नव्हती.

“पण तोडणीच्या वेळी फूल...”

“तोडणीत कुठलं आलंय फूल? तोडणी उरकली, ऊन तापलं, मग पाऊस पडला, तेव्हाचं हे. गेल्या साली एकदाच फुललं, तीन दिवस. माझी गाय व्याली त्याच आठवड्यात.”

बोंतूने बोटांवर मोजलं. मग उलटं मोजलं. चौदा महिने, अठरा नाही.

“आज्जी, माझं मन राखायला नाही ना सांगत?”

“तुझं मन राखायला मी फांदीला फूल आणलं होय? गोठ्यात जाऊन वासरू बघ, केवढं झालंय ते. नर्सलाही दाखव हवं तर!”

ओब्सेने मांडी सोडली आणि धपकन खाली बसली. बोंतूने तिचे पाय चाचपले नाहीत. तिने मोबाइल काढला. पोरीमागे अंगणातल्या कॉफीच्या झाडाला मिरीएवढी हिरवी फळं धरली होती. ती इकडे सरकली, तिकडे सरकली, वाकली, आणि फोटो काढला.

आज्जीने मान लांब करून पाहिलं. “अगं, अर्धं तोंड कापलंस पोरीचं!”

“असू दे,” बोंतू म्हणाली. “फांदी नीट आलीय ना, ते बघ.”