निरोगी नमुना

रक्ताच्या कर्करोगात एक प्रथिन आरएनएला चिकटतं आणि रोगप्रतिकारक पेशींना आंधळं करतं, हे तिला पीएचडीसाठी सिद्ध करायचं होतं. तुलनेसाठी निरोगी रक्त प्रयोगशाळेतलेच सगळे आळीपाळीने देत. “रक्त तर सर रोजच पितात,” म्हणत यावेळी तिने बाही वर सरकवली. पण प्रथिनं दाखवणाऱ्या फिल्मवर निरोगी नमुन्यातच त्या प्रथिनाचा काळाकुट्ट पट्टा उमटला. “नळ्यांची अदलाबदल केलीस! लक्ष कुठे असतं तुझं?” सर कडाडले. ताजं रक्त देऊन तिने प्रयोग पुन्हा केला, पट्टा तसाच. “सर, नळ्या बदलल्या नाहीत,” ती म्हणाली. “हे रक्त माझं आहे.” सरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. त्यांचा चेहरा खुलला. “इतक्या सुरुवातीचा रुग्ण मिळतच नव्हता! दर सोमवारी नळी देत जा. एवढ्यात डॉक्टरांकडे पळू नकोस. औषधं सुरू झाली की नमुना वाया जातो.”