आज्याची पोथी

कोपरी गावातला गोरा पाद्री हिंदी शिकवता शिकवता पोरं बाटवतोय, अशी आवई उठली आणि नामा कोळी वल्हं उचलून थेट त्याच्या खोलीत घुसला. म्हाताऱ्याने तांबड्या फडक्यातलं गाठोडं छातीशी कवटाळलं, ते काही केल्या सोडेना. नामाने त्याची बोटं ठेचली, डोकं फोडलं आणि गाठोडं अंगणात पेटवून दिलं.

रक्ताचे हात धुऊन तो देवळात गेला. रामनवमीच्या वाचनाचा चौरंग रिकामाच होता.

"गुरवकाका, माझ्या आज्याने काशीहून आणलेली हिंदी रामायणाची पोथी कुठंय?"

"वाळवीने खाल्लेली ना रे! गळालेल्या ओळी लिहायला पाद्रीबाबांना दिलेली, त्यांना सगळी तोंडपाठ आहे. नव्या तांबड्या फडक्यात बांधून आणतो म्हणालेत. येतीलच इतक्यात."